पाडसाला भेटायला येऊ नका

पेपरात माझा फोटो आयुष्यात एकदाच आला. मांडीवर हरणाचं पाडस, हातात दुधाची बाटली, डोक्यावर पदर, आणि तोंडावर असा भाव की गोकुळ जणू मीच चालवते. वर ठळक अक्षरात 'माउलीची माया'. त्या दिवशी मुरुडच्या बाजारात ज्यानं त्यानं थांबवून कौतुक केलं. गिरणीवर येणाऱ्या बाया आधी पाडस बघायच्या आणि मग दळणाचा डबा ठेवायच्या. मला लई भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आता तो फोटो कुणी मोबाइलवर दाखवला की तळपायाची आग मस्तकाला जाते. दाखवणाऱ्याला वाटतं, बाई लाजली.

लातूरजवळच्या मुरुडात आमची पिठाची गिरणी आहे, ती मी चालवते. शेत गावापासून थोडं लांब, ते मालक बघतात. मालक म्हणजे माझा नवरा. गिरणीच्या खडखडाटात बोलून बोलून माझा आवाज मोठा झालाय आणि स्वभाव त्याच्याहून. घरात धाकटा दीर आणि जाऊ आहेत. जाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. जीव लावणारी बाई, पण रडू तिच्या पापणीवरच बसलेलं असतं. आम्ही जावाजावा बहिणींसारख्या राहिलो. एका ताटात जेवलो, एकमेकींच्या साड्या नेसलो.

फाल्गुनात हरभरा काढायला गेलो होतो. पाचजणी ओळीनं बसून झाडं उपटत पुढं सरकत होतो. ऊन चढायला लागलं होतं. जाऊ एकदम ओरडली. तिच्या पुढ्यात, दोन ओळींच्या मधे, हरणाचं पाडस बसलेलं. मान जमिनीला टेकवलेली, डोळे टक्क उघडे, अंगावर माशा बसल्या तरी कातडी हलत नव्हती. जावेनं हात लावला तरी ते हललं नाही.

"अगं माय! टाकून गेली की आई ह्याला," जाऊ म्हणाली. "एवढ्या उन्हात लेकराला टाकून गेली, हिच्या काळजाला काय म्हणावं!"

मग आम्ही पाचहीजणींनी त्या न बघितलेल्या हरणीचा उद्धार केला. जनावर झालं म्हणून काय झालं, आईच ना, असं मी म्हणाले. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

मालक पलीकडच्या बांधावरून आले. हरणं म्हटली की मालकांच्या कपाळावर आठी. हरभऱ्याला घाटे धरले की ह्यांची झोप गेली, रोज शिव्याशाप. आम्हाला वाटलं, आता हे पाडसावर डाफरणार. तर ते म्हणाले, "राहू दे तिथंच. रानातलं रानात राहू दे. भोवतालची झाडं उपटू नका आज."

"तुमचे चार घाटे खाल्ले म्हणून लेकराचा राग काढता व्हय?" मी म्हणाले.

ते आल्या वाटेनं बांधाकडं वळले. आमच्या घरात मी बोलायला लागल्यावर सहसा कुणी बोलत नाही. मी पाडस उचललं, पदरात गुंडाळलं आणि घरी आणलं. त्या दिवशी रानात एकच माणूस शहाणा होता आणि मी त्याला दगडाच्या काळजाचा ठरवून मोकळी झाले.

वनखात्याच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन केला होता, केला नाही असं नाही. पलीकडचा म्हणाला, "गाडी न्हाई सध्या. दोन दिवसांत येतो. तोवर सांभाळा." त्या दोन दिवसांचे वीस झाले. सांभाळायचं कसं, पाजायचं काय, हे विचारलं तर म्हणाला, दूध द्या. दिलं की म्हशीचं! पाडसाला असा जुलाब लागला की दोन दिवस मान उचलली नाही. मग गुरांच्या डॉक्टरला विचारून शेळीचं दूध आणलं, बाटलीनं पाजलं, शेक दिला. जगलं बिचारं. बाराव्या दिवशी जावेनं बारसं केलं. झोळी बांधली, घुगऱ्या वाटल्या, आळीतल्या बायांनी पाळणा म्हटला. नाव ठेवलं. हाक मारली की ते टुणटुण उड्या मारत माझ्या पायात यायचं आणि पदर चोखायचं. मी गिरणीत असले तर गिरणीच्या दारात येऊन बसायचं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. का ते पुढं कळेल.

बारशाचा फोटो आठवड्याभरानं पेपरात आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात! वीस दिवस ज्यांना गाडी नव्हती त्यांना एका फोटोनं गाडी मिळाली. त्यातला साहेब दारातूनच म्हणाला, "वन्यप्राणी घरात ठेवणं गुन्हा आहे, माहीत आहे का?" एवढं म्हणून झाल्यावर त्यानं पाडस कडेवर घेतलं, ड्रायव्हरकडं मोबाइल दिला आणि दात काढून फोटो काढून घेतला. मी त्याला गावासमोर असं सुनावलं की त्याचा चहा तसाच निवला. मग म्हणाले, मीपण येणार. माझ्याशिवाय ते बाटली तोंडात धरत नाही. त्याला नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

लातूर गेलं, नांदेड गेलं, माहूरच्या वाटेला लागलो. पाडस माझ्या मांडीवर झोपलेलं. सागवानाचं जंगल सुरू होतं त्याच्या अलीकडं, माळाच्या कडेला ते केंद्र आहे, जखमी आणि अनाथ जनावरांचं. मला वाटलं होतं बाग असेल, कारंजं असेल, जनावरांच्या नावांच्या पाट्या असतील. तर लोखंडी फाटक, पत्र्याच्या खोल्या, हिरव्या कापडानं झाकलेल्या जाळ्या. फाटकावर एकच पाटी: 'हे प्राणिसंग्रहालय नाही. प्राण्यांना भेटायला येऊ नये.' दवाखान्याबाहेर कुठला तरी तालुक्याचा कार्यकर्ता पाचसहा पोरांना घेऊन उभा होता. वाढदिवसानिमित्त प्राण्यांना फळवाटप करायचं होतं म्हणे. केळीच्या घडाला रिबीन बांधलेली. त्याला आत सोडत नव्हते म्हणून त्याचा तिळपापड झाला होता.

आत एका टेबलावर घुबड होतं, पतंगाच्या मांजानं पंख कापलेलं. एका वानराचा हात विजेच्या तारेनं गेलेला. एका कासवाच्या पाठीवर कुणी तरी ऑइलपेंटनं 'शुभ लाभ' लिहिलेलं होतं, आणि एक मुलगी ते बोथट चाकूनं हळूहळू खरवडत होती. कुणी केलं असेल हे, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "चांगल्याच घरातलं आहे हो, देवघरात ठेवलं होतं." मी च्यक च्यक केलं. लोकांना अक्कल नाही, असं म्हणाले.

डॉक्टर म्हणजे तिशीतली पोर. केस बारीक कापलेले, पायात गमबूट, तोंडावर हसू नावाला नाही. तिनं हातमोजे घालून पाडस माझ्याकडून घेतलं, त्याच्या डोळ्यांवर कापड टाकलं, वजन केलं, पाय तपासले. मी आपली सांगत होते, ह्याला डाव्या कुशीवर झोपायला आवडतं, बाटलीचं भोक बारीक लागतं, हाक मारली की लगेच येतं.

"हाक मारून दाखवू नका," ती म्हणाली. "ते नाव आजपासून विसरायचं."

"कामून? बारसं केलंय आम्ही."

तिनं वहीत काही तरी लिहिलं आणि विचारलं, "सापडलं तेव्हा मादी दिसली होती का आसपास? त्या दिवशी, किंवा नंतर?"

"आई टाकून गेली ह्याची," मी म्हणाले. "मादी दिसली, पण ती दुसरीच. हरभऱ्याला सोकावलेली. रोज तिन्हीसांजेला बांधावर येऊन उभी राहायची. लई निगरगट्ट! मी तेलाचा डबा बडवायची, ढेकळं मारायची, तेवढ्यापुरती पळायची आणि फिरून तिथंच. सातआठ दिवस खोड सोडली न्हाई तिनं. मग एकदाची जिरली."

हे मी फुशारकीनं सांगत होते, बरं का. जनावरांवर माया असली तरी शेतकऱ्याची बाई आहे, पीक राखता येतं मला, हे त्या शहरी पोरीला कळावं म्हणून.

तिनं पेन खाली ठेवलं. "पण हरभरा तर तुम्ही काढत होता ना तेव्हा?"

"हाव. दोन दिवसांत रान रिकामं केलं."

"मग रिकाम्या रानात ती काय खायला येत होती, काकू?"

मला त्या पोरीच्या कानाखाली द्यावीशी वाटली. अगदी खरं सांगते, हात शिवशिवला. असं तोंडावर बोलतात का कुणी? वयाचा मान आहे का नाही? मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. ती मग सावकाश सांगायला लागली. हरणी पाडस टाकून जात नाही. ती त्याला पिकात बसवून लांब चरायला जाते, म्हणजे तिच्या वासानं कुत्री-कोल्ही पाडसापर्यंत पोचू नयेत. सकाळ-संध्याकाळ येऊन पाजते. पाडसानं हलायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक असतं. ती परत येते तेव्हा ते जिथं ठेवलं तिथंच असावं लागतं.

मी ऐकत होते आणि मला घरातली संध्याकाळ दिसत होती. इकडं झोळीत पाडसाला बाटली पाजायची, जावेच्या हातात द्यायचं, आणि मग शेतावर जाऊन त्याच्या आईला ढेकळं मारायची. एकदा नाही, सातआठ दिवस! ती रोज यायची आणि मी रोज मारायची. एक ढेकूळ तिच्या मानेला लागलं तेव्हा मी मालकांना कौतुकानं म्हणाले होते, नेम बघा माझा. मालक उठून गेले होते. त्यांना कळलं होतं का? कळलं असेल तर तोंड उघडायला काय झालं होतं? नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "तू ऐकलं असतंस का?" त्या प्रश्नाचाही मला राग आला, कारण उत्तर मला माहीत होतं.

डॉक्टरनं मला पाणी दिलं आणि पुढचं सांगितलं, तेही तितक्याच कोरडेपणानं. हा नर आहे. असाच माणसाळला तर मोठा झाल्यावर माणसालाच आपल्यातला नर समजेल आणि शिंगावर घेईल. एखाद्याचं पोट फाडेल. म्हणून असले नर सोडता येत नाहीत, ते जन्मभर जाळीत राहतात. पण हा अजून लहान आहे. ह्याच्याशी कुणी बोललं नाही, हात लावला नाही, ओळखीचं माणूस दिसलं नाही, तर हा कळपात मिसळेल. पावसाळा संपला की त्यांच्याबरोबर माळावर सोडता येईल.

"म्हणजे मी यायचं न्हाई," मी म्हणाले.

"तुम्ही तर नाहीच," ती म्हणाली.

एसटीनं परत आले. घरी सगळ्यांना बसवून हे सांगितलं, हरणीसकट. म्हणाले, माझ्या हातून पाप झालंय, आता निदान त्याचं जंगल तरी त्याला मिळू दे, कुणी तिकडं फिरकायचं नाही. दीर मान हलवत होता. जाऊ डोळे पुसत होती. मला वाटलं कळलं. काय कळतंय! पालथ्या घड्यावर पाणी.

उन्हाळ्यात आळीतल्या बायांनी क्रूझर ठरवली, माहूरच्या देवीला. जाऊ गेली. मी गिरणी सोडून कुठं जाते? परत आली तर माझ्यासाठी तांबूल आणलेला आणि मोबाइलमधे व्हिडिओ. जाळीला तोंड लावून उभं राहिलेलं आमचं पाडस, चांगलं गुडघ्याच्या वर वाढलेलं, आणि जाळीतून आत गेलेला जावेचा हात, बांगड्यांसकट. हातावर नारळाची खिरापत. मागून जावेचा आवाज, लाडानं त्याचं नाव घेत होती.

"बगा की ताई, ओळखलं मला! एका हाकेला पळत आलं!"

मी तो मोबाइल पिठाच्या कोठीत फेकला. हो, फेकला. दोन दिवस त्यातून पीठ निघत होतं. म्हणाले, "अगं बये, तुझी हाक न्हाई ती, त्याच्या गळ्यातलं दावं हाय. तू हाक मारतीस तेवढा तो जाळीत खोल चाललाय."

"लेकराला बघायचं पण न्हाई का आम्ही?"

"न्हाई! लेकरू न्हाई ते. हरीण हाय."

"तुम्हाला काळीजच न्हाई," जाऊ म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती मला असं बोलली.

आणि मग गावालाच चटक लागली. माहूरला जाणारी प्रत्येक गाडी तिथं थांबायला लागली. देवीचं दर्शन आणि वाटेत 'आपलं हरीण', असा कार्यक्रमच ठरून गेला. फाटकावरचा माणूस म्हणे देवीचे भक्त बघून पाच मिनिटं सोडायचा. डॉक्टरनं त्याला बदललं, फाटकाला कुलूप लावलं, तर लोक मागच्या अंगानं माळावरून कुंपणापाशी जायला लागले. कुणी कुरकुरे टाकले, कुणी साबुदाण्याची उसळ. एकीनं नवस बोलून जाळीला हिरवा चोळखण बांधला. आता ह्याला काय म्हणावं? स्वतःच्या दारात आलेल्या कुत्र्याला काठी घालणारी माणसं शंभर कोसांवर जाऊन हरणाला उसळ भरवतात! मी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, भांडायची, हात जोडायची. त्यांनी माझ्यामागं काय बोलायचं ते बोलून घेतलं. फोटोपुरती माया होती म्हणे. पेपरात आली आणि लेकराला टाकून मोकळी झाली, हिच्या काळजाला काय म्हणावं.

ते शब्द कानावर आले त्या दिवशी मी गिरणी बंद ठेवली.

दसरा झाल्यावर डॉक्टरचा फोन आला. ती फोनवर तशीच, रामराम नाही की श्यामराम नाही. "काकू, तो कळपात राहत नाही. माणूस दिसलं की कुंपणापाशी पळत येतो. साडीतली बाई दिसली तर उड्या मारतो. बोटभर शिंगं फुटलीत. या महिन्यात सुधारला नाही तर मला त्याला कायमचा आत ठेवावा लागेल. एक शेवटचा उपाय आहे. तुम्हाला यावं लागेल."

त्याच आठवड्यात आळीची क्रूझर पुन्हा माहूरला निघाली होती. मी तिच्यातच बसले. जावेला आनंद झाला, तिला वाटलं ताईचं मन वितळलं. फाटकापाशी उतरल्यावर मी सगळ्यांना बजावलं की डॉक्टर एकालाच आत सोडणार आहे, मी जाऊन येते, कुणी कुंपणाकडं पाऊल टाकायचं नाही. जावेच्या हातात केळी होती. ती म्हणाली, "एवढी द्या त्याला, माझ्या नावानं." मी घेतली नाहीत.

डॉक्टर मला कापडाच्या आडोशानं माळाच्या टोकाला घेऊन गेली. लांब सहासात हरणं चरत होती. हा एकटाच अलीकडं, कुंपणापाशी, रस्त्याकडं तोंड करून उभा.

"त्याचा सगळ्यात जास्त भरवसा तुमच्यावर आहे," ती म्हणाली. "माणसांची भीती तुमच्यापासूनच सुरू झाली पाहिजे. आत जा. जवळ आला की हाकला."

"हाकला म्हणजे?"

"ओरडा. काठी आपटा. ढेकूळ मारा, फक्त डोक्याला आणि पायाला लागू देऊ नका."

"तुला आई हाय का गं?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्हाला विचारायला तीन दिवस लावले."

मी आत गेले. त्यानं मला लांबूनच ओळखलं. उड्या मारत आला, तसाच, लहानपणीसारखा, आणि माझ्या पदराला नाक लावलं. अंगाला गवताचा वास येत होता, दुधाचा नव्हता. माझे हात खाली लोंबत होते. मी त्यांना सांगत होते, उचला, आणि ते उचलेनात. मग तोंडातून कसंबसं "हो मागं" निघालं, त्याला तो खेळ वाटला. दोन उड्या मारून परत आला आणि पदर तोंडात धरला.

मग मी ओरडले. गिरणी चालू असताना गल्लीच्या टोकापर्यंत जातो तसा आवाज. शिव्या दिल्या. काठी आपटली. तो दचकला, चार पावलं मागं झाला, कान पुढं करून माझ्याकडं बघत राहिला. फिरून येऊ लागला. मी वाकून ढेकूळ उचललं. हाकलायचं कसं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिलं त्याच्या पुढं पडलं. दुसरं पुठ्ठ्यावर बसलं. धप्प आवाज आला. तो हलला नाही, नुसता बघत होता. मी म्हणाले, "नीघ! मुडद्या, नीघ! कुणी न्हाई तुझं इथं!" आणि तिसरं मारलं. तेव्हा तो उधळला, थेट त्या सहासात हरणांत जाऊन थांबला.

डॉक्टरनं मला बाहेर घेतलं, अर्धा तास बसवलं आणि परत आत पाठवलं. ह्या वेळी तो निम्म्या वाटेपर्यंत आला. दोन ढेकळांत परत गेला. तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा मी हात वर केला नव्हता, तोंडही उघडलं नव्हतं. माझं लुगडं दिसताच तो वळला आणि सगळा कळप घेऊन माळाच्या पार पलीकडं गेला.

"जमलं," डॉक्टर म्हणाली.

"तुझ्या जिभेला हाड हाय का? जमलं म्हणे!" मी तिच्यावर ओरडले. तिनं ऐकून घेतलं. मी आणखी बरंच बोलले. घुबडाचं, कासवाचं, फोटो काढणाऱ्या साहेबाचं, सगळ्यांचं तिला ऐकवलं.  मग ती एवढंच म्हणाली, "आता फक्त माणसं यायची थांबली पाहिजेत, काकू. दोन आठवडे जरी कुणी आलं नाही तरी मी त्याला सोडू शकते. पण तुमच्या गावाला मी कशी थांबवू?"

फाटकाबाहेर आले. क्रूझरच्या सावलीत बाया बसल्या होत्या. जाऊ केळी घेऊन पुढं आली. माझा चेहरा बघून तिच्या तोंडावरचं हसू जागीच राहिलं.

"ताई, कसं हाय आपलं लेकरू?"

"मेलं," मी म्हणाले.

ती तिथंच रस्त्यावर मटकन बसली. केळी मातीत पडली. बाकीच्या बाया उठल्या, काय झालं, कधी झालं, मी काही सांगितलं नाही. जावेनं असा हंबरडा फोडला की फाटकावरचा माणूस आतून धावत आला. मी त्याला हातानं परत जा म्हटलं. देवी तिथून तासाभरावर होती. ड्रायव्हरनं विचारलं, आता पुढं जायचं ना? जाऊ म्हणाली, "वळव गाडी. लेकरू गेल्यावर कुठल्या तोंडानं गड चढू मी?" आणि आठ बाया दर्शन न घेता माघारी फिरल्या.

नांदेड येईपर्यंत गाडीत त्या डॉक्टरचा उद्धार चालला होता. उपाशी मारलं असेल, सुई चुकीची टोचली असेल, असल्यांना पाप लागेल. नांदेडच्या पुढं माझी पाळी आली. कुणी तरी मागच्या बाकावरून म्हणालं, हिनंच नेऊन दिलं, घरी होतं तर जगलं असतं. ज्या तोंडाला मुरुड घाबरतं ते तोंड मी मिटून बसले होते. जाऊ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, एवढं झालं तरी माझ्याच खांद्यावर.

गावातलं कुणी त्यानंतर तिकडं गेलं नाही. दिवाळी झाल्यावर डॉक्टरचा फोन आला, कळपाबरोबर सोडलं म्हणाली. कुठल्या माळावर ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जाऊ शेजारीच बसून लसूण सोलत होती. मी फोन ठेवला आणि दळणाला लागले.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की ती वाचेलच, आणि मग मला काय बोलायचं ते बोलू दे, तिचा हक्क आहे. डॉक्टर म्हणते, नराचा रंग वयात येताना बदलतो. ती हे वाचेल तोवर तो काळा झाला असेल, आणि तिला काय, मलाही ओळखू यायचा नाही.